समुद्रातला कार्बन आणि भांडेवाडीचा पाइप

हवेतला कार्बन समुद्राच्या मदतीने कमी करू असं म्हणणारा कोणताही स्टार्टअप समोर आला की आधी एकच गोष्ट बघावी: त्यांचं पाणी पाइपातून जातं की नाही. जात असेल तर पुढची माहिती वाचण्यात अर्थ आहे. बोटीतून काहीतरी खाली सोडायचं आणि टनांची पावती फाडायची, असा कारभार असेल तर त्यात एक रुपयाही घालू नये. नागपुरात बसून समुद्राबद्दल हे मत मांडलेलं पाहून काहींना नवल वाटेल. पण या विषयात आपल्या शहराला करण्यासारखं खरंच काहीतरी आहे, आणि ते भांडेवाडीच्या सांडपाणी प्रकल्पात आहे. त्याकडे येतोच.

आधी रसायन. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पितो. तो पाण्यात वायू म्हणून फारसा राहत नाही, बहुतेक बायकार्बोनेट होऊन राहतो. असं किती धरून ठेवता येईल हे अल्कलिनिटीवर, म्हणजे आम्ल पचवायच्या पाण्याच्या ताकदीवर ठरतं. ती वाढवली की समुद्र हवेतून आणखी कार्बन ओढतो. त्यासाठी एक तर पाण्यात अल्कली घालायची, नाहीतर विजेने पाण्यातलं आम्ल वेगळं काढायचं.

अल्कली घालणाऱ्यांमध्ये कॅनडाची प्लॅनेटरी ही कंपनी मला सगळ्यात विचारी वाटते. हॅलिफॅक्स बंदराशी टफ्ट्स कोव्ह नावाचं वीज केंद्र आहे. तिथून समुद्रात परत जाणाऱ्या थंडाव्याच्या पाण्यात ही कंपनी २०२३ पासून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीच्या पावडरीचं पातळ मिश्रण सोडते. एक टन पावडरीमागे कागदावर दीड टन कार्बन डायऑक्साइड धरला जायला हवा. समुद्रात प्रत्यक्ष हिशेब सव्वा टनाच्या आसपास बसतो, कारण सगळंच बायकार्बोनेट होत नाही. बिघडतं कुठे? कण जाड राहिले तर विरघळण्याआधीच तळाच्या चिखलात बसतात, आणि थंड पाण्यात तर फारच सावकाश विरघळतात. घाई करून एकाच जागी जास्त घातलं की पीएच उसळतो आणि ॲरागोनाइट, म्हणजे शिंपल्यातला चुना, पाण्यातून बाहेर पडू लागतो. ही साखळी एकदा सुरू झाली की घातली त्याहून जास्त अल्कलिनिटी गमावून बसतो आणि कार्बन उलटा हवेत जातो. म्हणून पाइपाच्या तोंडाशी पीएच आणि गढूळपणा सतत बघत डोस कमी ठेवावा लागतो.

विजेवर चालणाऱ्यांचं गणित वेगळं. समुद्राच्या एका लिटरमध्ये सगळ्या रूपांत मिळून ९० मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. म्हणजे एक टन काढायचा तर शंभर टक्के काढता आला तरी सुमारे ११,००० घनमीटर पाणी फिरवावं लागेल. ते नुसतं १० मीटर उचलायला ४०० युनिट वीज जाते. अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठातून निघालेल्या, पाण्यातूनच कार्बन डायऑक्साइड काढून घेणाऱ्या कॅप्चुरासारख्या कंपनीने म्हणूनच जिथे पंप आधीपासून चालतात तिथे, म्हणजे खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांशेजारी, जागा शोधाव्यात. एब कार्बन ही कंपनी विजेने कॉस्टिक सोडा, म्हणजे अल्कली, बनवून समुद्रात सोडते. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्याशी दहा वर्षांत साडेतीन लाख टनांपर्यंतचा करार केला. एका टनासाठी सुमारे १.१ टन कॉस्टिक लागतं आणि त्यासोबत जवळपास एक टन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते समुद्रात परत गेलं तर सगळं मुसळ केरात. हे आम्ल कुठे जातं, हा प्रश्न अशा कंपन्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड, बेसाल्ट, आम्ल पचवतो, पण सावकाश. यंत्रातल्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसणं ही तर रोजची डोकेदुखी.

आता बोटवाले. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या रनिंग टाइडने २०२३ मध्ये आइसलँडजवळ चुनाभट्टीची धूळ लावलेले लाकडाचे बारीक तुकडे, सुमारे १९ हजार टन, समुद्रात सोडले. मोठमोठ्या कंपन्यांनी त्याचे क्रेडिट, म्हणजे टनांच्या पावत्या, घेतले. २०२४ मध्ये बाजारात मागणी नाही म्हणून कंपनी बंद झाली. मागणी राहिली असती तरी माझा आक्षेप तोच राहिला असता: लाकूड किती खोल गेलं, किती कुजलं, धुळीतला किती चुना वरच्या थरात विरघळला, हे नंतर तपासायला कुणाच्या हाती काही उरत नाही. शेवाळ वाढवून बुडवण्याचंही तसंच. शेवाळ जे नायट्रेट-फॉस्फेट खातं ते तिथल्या सूक्ष्म वनस्पतींच्या तोंडचं असतं, त्यामुळे निव्वळ वाढ किती झाली हे सांगता येत नाही.

लोखंड घालून सूक्ष्म वनस्पती वाढवण्याचा प्रयोग तर आपल्या देशानेच केला आहे. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोहाफेक्स हा प्रयोग केला. वाढ झाली, पण पाण्यात सिलिका कमी असल्याने जड कवचाच्या डायॲटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती वाढल्या नाहीत. जे वाढलं ते कोपेपॉडसारख्या बारक्या जीवांनी खाल्लं, आणि खोल फारसं काही गेलं नाही. हा निकाल प्रामाणिकपणे जाहीर झाला याचा मला अभिमान आहे.

मोजणीची अडचण साधी आहे. समुद्राची अल्कलिनिटी किलोमागे २३०० मायक्रोमोलच्या आसपास असते आणि चांगल्या प्रयोगशाळेत ती दोन मायक्रोमोलपर्यंत नेमकी मोजता येते. पण घातलेली अल्कली काही किलोमीटर पसरली की वाढ तेवढ्याच आकड्यावर येते, आणि भरती-ओहोटीचा, नदीच्या पाण्याचा रोजचा फरक त्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय हवेतला कार्बन पाण्यात उतरायला महिने लागतात. तेवढ्यात ते पाणी खाली गेलं तर लाभ हुकला. म्हणजे पुढचा हिशेब कुणालाही मॉडेलवरच करावा लागतो. पाइपात निदान किती घातलं आणि किती विरघळलं एवढं तरी हातात असतं.

आणि पाइप आपल्याकडे आहे, भांडेवाडीला. येल विद्यापीठातून निघालेली क्रू कार्बन ही कंपनी सांडपाणी प्रकल्पात चुनखडीची पूड घालते. फ्रंटियर या खरेदीदार गटाने २०२४ मध्ये त्यांच्याकडून ७१,८७८ टन कार्बन डायऑक्साइडचे क्रेडिट सुमारे ३ कोटी २१ लाख डॉलरला मागवले. तत्त्व असं: एअरेशन टाकीत, म्हणजे सांडपाण्यात हवा फुंकतात त्या टाकीत, अमोनियाचं नायट्रेट होताना एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे चुनखडीच्या मापात ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते, पाणी आम्लाकडे झुकतं आणि कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो. तिथे चुनखडी विरघळली तर तो बायकार्बोनेट होऊन पाण्यासोबत जातो. नागपूरचं पाणी जातं कुठे? नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर.

समजा रोज १० कोटी लिटर पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम चुनखडी विरघळली. म्हणजे रोज १० टन. कागदावर ४.४ टन कार्बन डायऑक्साइड. समुद्रात पोचल्यावर साधारण तीस टक्के गळती धरली तर ३ टन. चंद्रपूरकडून येणाऱ्या ट्रकचं डिझेल सुमारे २०० किलो, दळणाची कोळशावरची वीज आणखी ४०० किलोपर्यंत. उरले २.४ टन. वर्षाला नऊशे टनांच्या आत. आकडा लहान आहे, पण खरा आहे, आणि लाख टनांच्या कागदी करारापेक्षा मला तो जास्त मोलाचा वाटतो.

यात चुका करायला भरपूर वाव आहे. चुनखडीऐवजी भाजलेला चुना वापरला तर भट्टीतच कार्बन निघून गेलेला असतो. पूड ७५ मायक्रॉनपेक्षा जाड असेल तर टाकीच्या कोपऱ्यात साचते, हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर बुजवते आणि गाळात जाते. एमएलएसएस (टाकीतले एकूण तरंगते घन कण) वाढतोय पण एमएलव्हीएसएस (त्यातला सेंद्रिय भाग) तिथेच, असं दिसलं की दगड गाळात चालला आहे हे ओळखावं. भांडेवाडीहून कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जाणाऱ्या पाण्यात तर ही पूड अजिबात घालू नये. कूलिंग टॉवरमध्ये त्याचे थर बसतात, आणि ते टाळायला केंद्रं गंधकाम्ल घालतात, की कार्बन परत हवेत. मोजायची ती फक्त नदीला जाणारी धार. त्यातही गोसीखुर्दच्या जलाशयात उन्हाळ्यात शैवालाने पीएच वाढला तर थोडा चुना तिथेच खाली बसणार. ती घट वजा करावी लागेल.

मोजणीला महागडी यंत्रं लागत नाहीत. ०.०२ नॉर्मल गंधकाम्लाचं टायट्रेशन कुठल्याही प्लांटच्या लॅबमध्ये होतं. मात्र सांडपाण्यात अमोनिया आणि सेंद्रिय आम्लंही अल्कलिनिटीत धरली जातात, म्हणून सोबत ईडीटीए या रसायनाच्या टायट्रेशनने कॅल्शियम मोजावं. चुनखडीच्या मापात अल्कलिनिटी लिटरमागे १०० मिलिग्रॅमने वाढली तर कॅल्शियम ४० मिलिग्रॅमने वाढलं पाहिजे. जुळत नसेल तर तो दिवस हिशेबात धरायचा नाही.

महापालिकेने शेजारशेजारच्या दोन एअरेशन टाक्या घ्याव्यात, एकीत पूड, दुसरी कोरी, मे ते जुलै. नमुने नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, स्वतंत्रपणे तपासावेत, १९५८ पासून ती संस्था याच शहरात आहे. कोऱ्या टाकीत एरवी घालावी लागली असती तेवढी चुनखडी आधी वजा करावी. दोन्ही टाक्यांचे रोजचे पीएच, अल्कलिनिटी आणि कॅल्शियमचे आकडे एकाच वहीत लिहावेत, आणि हवा फुंकणारा ब्लोअर बंद पडला किंवा पावसाचं पाणी आत शिरलं तो दिवसही तारखेसकट नोंदवावा.