दुपारच्या टीव्हीवरचे डॉक्टर आणि हसणारे आम्ही

मेडिकलच्या पोरांना टीव्हीवरच्या डॉक्टरवर हसायला फार आवडतं. आमच्या मेसमध्ये दुपारी रिमोट मावशींच्या ताब्यात असतो. मालिकेचा कालचा भाग संपला की पांढरा कोट घातलेले कुणी गृहस्थ प्रेक्षकांचे फोन घ्यायला बसतात, आणि 'शरीरातले टॉक्सिन्स' एवढं कानावर पडलं की सेकंड इयरची पोरं टेबल बडवायला लागतात. मावशी मात्र वाढायचं सोडून टीव्हीपुढे उभ्या. त्यांना गुडघ्याचं ऐकायचं असतं.

इंटर्नशिप लागल्यापासून मला या हसण्याचा कंटाळा आलाय. कारण हे कार्यक्रम म्हणजे निव्वळ थापा, असं नसतं. अमेरिकेतले 'डॉ. ऑझ शो' आणि 'द डॉक्टर्स' हे दुपारचे दोन गाजलेले कार्यक्रम. त्यांचे प्रत्येकी ४० भाग कॅनडातल्या संशोधकांनी पाहून काढले आणि डिसेंबर २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला. ऑझच्या तपासलेल्या सल्ल्यांपैकी ४६ टक्क्यांना आधार सापडला, १५ टक्के पुराव्याच्या उलट निघाले, ३९ टक्क्यांना पुरावाच सापडला नाही. 'द डॉक्टर्स' जरा बरा, तिथे ६३ टक्क्यांना आधार होता. आमच्या ग्रुपवर हा पेपर 'निम्मं खोटं' एवढ्याच शेऱ्यासह फिरतो, पुढे कुणी वाचत नाही. पुढे लिहिलंय की फायदा होतो तो नेमका किती, हे ऑझने १७ टक्के सल्ल्यांतच सांगितलं, दुसऱ्या कार्यक्रमाने ११ टक्क्यांत. सांगणाऱ्याचे हितसंबंध तर अर्धा टक्का सल्ल्यांतसुद्धा उघड केलेले नाहीत.

मला खुपतं ते हे. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, औषधाचे नुसते उपयोग सांगून गप्प बसलो तर बाहेरून आलेले परीक्षक सोडतात का? दुष्परिणाम बोल, कुणाला द्यायचं नाही ते बोल. टीव्हीवर असं अडवणारं कुणी नसतं.

मेडिसिन ओपीडीत एक आजी आल्या होत्या. लाइट बिलाच्या पाठीवर नातीकडून लिहून घेतलेलं: 'दुधीचा रस १ पेला, सकाळी अनशापोटी, शुगर व बीपी'. कुठून आणलंत, तर टीव्हीवर सांगितलं. मी विचारलं, "आजी, रस कडू लागला तर काय करायचं, ते सांगितलं का?" त्या म्हणाल्या, "औषध कडूच असतंय की गं बाई."

आता दुधी काही विष नाही, रोजची भाजी आहे. पण एखादा दुधी कडू निघतो, तो कुकुरबिटासिन नावाच्या कडू, विषारी द्रव्यामुळे, आणि त्याचा रस पोटात गेला तर जुलाब, रक्ताच्या उलट्या, बीपी पडणं, इथवर मजल जाते. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस प्यायल्यावर मृत्यू झाला होता. नंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमली. सल्ला साधा होता: आधी चव बघा, कडू असेल तर टाकून द्या. सांगायला पाच सेकंद लागतात. तेवढंच नेमकं आजींच्या कागदावर नव्हतं, आणि आजी तर कडूपणालाच गुण समजून बसलेल्या.

जाता जाता एक. ऑझने २०१२ मध्ये वजन उतरवायला ग्रीन कॉफीच्या अर्काची जोरदार भलामण केली, त्यामागचा अभ्यास आपल्याच देशातला, बंगळुरूचा. माणसं १६. पुढे २०१४ मध्ये तो पेपर मागे घेतला गेला, आणि त्याच वर्षी ऑझना सिनेटच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली. २०२५ पासून हेच गृहस्थ अमेरिकेच्या मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांचे प्रमुख आहेत. असो.

त्या प्रकरणात मला आवडलेला माणूस वेगळाच आहे. बेंजामिन मेझर, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला शिकणारा मेडिकलचा विद्यार्थी. टीव्हीवरच्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर काही नियमन असावं, असा ठराव घेऊन तो २०१३ मध्ये थेट न्यूयॉर्क राज्याच्या मेडिकल सोसायटीपुढे गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: रोज लाखो लोक ज्याचं ऐकतात, त्याच्याबद्दल डॉक्टरांच्या संघटनांनी गप्प का बसावं? लगेच काही घडलं नाही. पण २०१५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने माध्यमांत बोलणाऱ्या डॉक्टरांसाठी आचारसंहिता करायचं ठरवलं. आमच्याकडे मीम करणारे ढीगभर आहेत, असा अर्ज लिहिणारा मला अजून भेटलेला नाही. आणि आपल्याकडे तर १९५४ पासून कायदा आहे, मधुमेह-लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरातच करता येत नाही. ते कलम पाठ करून आम्ही फॉरेन्सिकचा पेपर सोडवतो आणि मेसमध्ये तसलाच कार्यक्रम बघत जेवतो.

पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्य विषयाच्या, पोस्टिंगला अजून ओआरएसची पोस्टर्स रंगवायला लावतात. त्याऐवजी एक दुपार पोरांना टीव्हीसमोर बसवा, वही द्या, प्रत्येक सल्ल्यापुढे तीन रकाने: फायदा किती, धोका काय, खर्च किती. रिकामे रकाने त्यांनीच लायब्ररीत बसून भरायचे आणि ओपीडीत कुणी आजी कागद घेऊन आल्या की त्यांना समजेल अशा मराठीत सांगायचे. एका सरांकडे ही कल्पना मांडली. त्यांना आवडली, फक्त लॉगबुकात ही कुठल्या कॉम्पिटन्सीखाली, म्हणजे अभ्यासक्रमातल्या कुठल्या नंबरच्या कौशल्याखाली, दाखवायची, असं त्यांनी विचारलं. फार्माकॉलॉजीवाले कुणी वाचत असतील तर कॉम्पिटन्सीचा नंबर कमेंटमध्ये टाका, मी पुन्हा जाऊन विचारते.