भाजी तोंडी लावायची की पोटभर खायची?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. वर ‘आहारतज्ज्ञ सांगतात’ अशी मोघम सुरुवात, खाली जोडलेले हात. माझ्या भाचीने चार महिन्यांपासून मांस, अंडी आणि दूधदुभतं सोडलंय, त्यामुळे रोख कुणाकडे होता ते सगळ्यांनाच कळलं. मेसेजाचं म्हणणं थोडक्यात असं: भाज्या म्हणजे नव्वद टक्के पाणी, त्याने पोट भरत नाही. बटाटा, रताळं, सुरण नुसते फुगवतात आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. खरी तृप्ती अंडी-मटण-पनीरच्या प्रथिनांनीच. भाजीच खायची तर तेल सढळ घाला, म्हणजे टिकेल. आणि शेवटचा फटका, असलं खाणारे अशक्त होतात. ग्रुपवर मी ‘बघू’ एवढंच लिहिलं होतं.

आधी पाण्याचं बघू. आकडा खराच आहे. फ्लॉवरमध्ये 92 टक्के पाणी असतं, दुधी-काकडीत 95च्या आसपास. चूक आहे ती पुढच्या निष्कर्षात. पेलाभर पाणी प्यायलं तर ते जठरातून पटकन पुढे सरकतं. पदार्थात शिजून बसलेलं पाणी तसं सरकत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी 1999 मध्ये हे सोप्या रीतीने दाखवलं. काही बायकांना दुपारच्या जेवणाआधी एका दिवशी कोंबडी, भात आणि भाज्यांचा घट्ट पदार्थ दिला, दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ आणि सोबत पाणी, तिसऱ्या दिवशी तेच पाणी घालून त्याच जिनसांचं सूप. कॅलरी तिन्ही वेळा सारख्याच. सूप घेतलं त्या दिवशी बायका पुढच्या जेवणात सुमारे 100 कॅलरी कमी जेवल्या. पाणी बाजूला प्यायलं त्या दिवशी काही फरक पडला नाही. जठर किती ताणलं गेलं याची वर्दी मेंदूला जाते, आणि ताणायला वजन आणि आकारमान लागतं. वाटीभर अळूचं फदफदं खाल्ल्यावर दुसरा भात घेताना हात आखडतो, तो यामुळेच.

मात्र मेसेज लिहिणाऱ्याचंही थोडं ऐकायला हवं. सगळ्या भाज्या सारख्या नाहीत. मेथीची मोठी जुडी निवडा, चिरा, परता. कढईत उरते वाटीभर. अर्धा किलो दुधी सबंध खाल्ला तरी कॅलरी जेमतेम एका पोळीएवढ्या. त्यामुळे ‘आजपासून फक्त भाज्या’ म्हणून कुणी दुधीचा रस आणि काकडीवर दुपार काढली, तर चार वाजता फरसाणाचा डबा उघडणारच. तो दोष निवडीचा आहे, भाजी नावाच्या गोष्टीचा नाही.

आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भाजीने पोट भरतं का, हे कधी करून बघितलेलंच नसतं. आपण भाजी ‘तोंडी लावतो’. तीन पोळ्या आणि दोन डाव भाजी, त्यातली अर्धी रस्सा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या दिवसाच्या ताटात भाज्या 400 ग्रॅम धरल्या आहेत. घरी एकदा काट्यावर ठेवून बघा. मी बघितलं, आमच्याकडे माणशी दीडशेच्या पुढे जात नव्हतं.

आता बटाटा. मेसेजातला सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 38 पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ 240 कॅलरींचा, खाल्ल्यावर दोन तास पोट किती भरलेलं वाटतं त्याची नोंद, आणि पांढऱ्या पावाला 100 गुण. पहिला आला उकडलेला बटाटा, 323 गुणांनी. मासा 225, संत्रं 202, अंडी 150. सगळ्यात खाली क्रुआसाँ, म्हणजे लोण्याचा पापुद्र्यांचा फ्रेंच पाव, 47. प्रयोग लहान होता, एका पदार्थाला डझनभरच माणसं, तेव्हा त्याची पोथी करायची गरज नाही. पण कारण समजण्यासारखं आहे: 240 कॅलरींसाठी क्रुआसाँ साठेक ग्रॅम पुरतो, तर उकडलेला बटाटा पाव किलोच्या वर खावा लागतो. गुणांशी सर्वांत जवळचं नातं त्या घासांच्या वजनाचंच निघालं.

हे सांगायला सिडनीला जायची तरी काय गरज? एकादशीला दिवस काढायचा असतो तेव्हा आपण रताळीच उकडतो की. अलिबागकडे थंडीत शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कोनफळ, वरून जाळ. बरेच जण त्यात अंडी-कोंबडीही घालतात, पण नुसत्या शेंगा-कंदांची पोपटी खाऊन उठलेल्याला मी तरी रात्री पुन्हा जेवताना पाहिलेलं नाही. सुरण चिंच किंवा आमसूल घालून शिजवा, नाहीतर घसा खवखवेल, एवढंच पथ्य. मधुमेह असेल तर कंद पोळी-भाताच्या वर नाही, त्यांच्या बदल्यात घ्यायचा. ‘बटाट्याने जाड होतो’ म्हणणारे बहुधा वेफर्स, वडा आणि साबुदाणा खिचडीतल्या बटाट्याबद्दल बोलत असतात.

त्यातूनच तेलाचा मुद्दा निकालात निघतो. होल्ट यांच्याच यादीत बटाट्याच्या तळलेल्या काड्या, म्हणजे फ्रेंच फ्राईज, 116 वर आहेत. कंद तोच, पाणी गेलं, तेल आलं आणि 323चे 116 झाले. चमचाभर तेलाच्या, पोहे खायच्या नव्हे तर वाढायच्या मोठ्या चमच्याच्या, 120 कॅलरी होतात आणि पोटात जागा मात्र काहीच व्यापत नाहीत. वांगं तर तेल पिणारा स्पंजच. भरल्या वांग्याला पोटभरीचं करतं ते दाण्याचं कूट, तीळ आणि खोबरं. त्यातही तेल असतंच, पण चोथा, म्हणजे फायबर, आणि प्रथिनं घेऊन येतं.

प्रथिनांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. प्रथिनं भूक धरून ठेवतात, आणि कोबी-भेंडीत ती नावापुरती असतात. ‘अंडी-मटण-पनीरच्या प्रथिनांनीच’ यातला ‘च’ तेवढा खोटा. मटारात 100 ग्रॅमला पाचेक ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. पावटा, ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे त्याच घराण्यातले. वाळलेल्या डाळी-कडधान्यांत हेच प्रमाण 20 ते 25 ग्रॅमवर जातं. आपल्या स्वयंपाकघरांनी भाजीला एकटं सोडलंय कधी? कोबीत मुगाची डाळ, दोडक्यात हरभऱ्याची, अळूत डाळ आणि दाणे दोन्ही, कांद्याच्या पातीला आणि ढोबळी मिरचीला पीठ पेरलेलं. पाणचट भाजीत डाळ घालायची ही रीत केवळ चवीपुरती आली असेल असं मला वाटत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी घ्या: पावटा, ओला हरभरा, वांगं, गाजर, घेवडा, तीळ, कूट, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एका कढईत पाणी, चोथा, स्टार्च, प्रथिनं, स्निग्धांश सगळं आलं, आणि पनीरचा तुकडा कुठे नाही.

अशक्तपणाच्या फटक्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, पण तिचा पोट भरण्याशी संबंध नाही. ब-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूधही सोडणाऱ्याने ते गोळीतून किंवा मुद्दाम ब-12 घातलेल्या पदार्थांतून घ्यायलाच हवं, आणि स्पिरुलिना वगैरेंच्या जाहिरातींवर विसंबू नये. भाचीला मी पहिला प्रश्न हाच विचारला होता. ती घेते.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तेव्हा दादांनी, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांनीच, विचारलं, “मग तिने डब्यात न्यायचं तरी काय?” भाचीने तिच्या सोमवारच्या डब्याचा फोटो टाकला. खालच्या कप्प्यात मटार-बटाट्याचा रस्सा, काठोकाठ. मधल्यात डाळ घालून कोबी. वरच्यात दीड भाकरी आणि कांदा. दादांचं उत्तर आलं, “एवढी भाजी?”