पंप, आई आणि सेमीकोलन

आमच्या दादरच्या बिल्डिंगला पहाटे पाचला पाणी येतं, पंप सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच आई भूपाळी म्हणते. मी मोबाइलवर दहा सेकंद रेकॉर्ड केलं. ऐकलं तर आई कमी, पंपाची घरघर जास्त. ती घरघर काढायची म्हणून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाजाचे आकडे करून त्यांच्यावर गणित करणं, शिकायला बसलो.

गणिताचं सॉफ्टवेअर घेतलं ऑक्टेव्ह. एक तर फुकट, शिवाय नावाचा अर्थ सप्तक. म्हटलं, घराणं गाण्याचं दिसतंय! मग कळलं, हे नाव ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांवरून ठेवलंय. कागदाच्या कपट्यावर झटपट हिशेब करण्यात त्यांचा हातखंडा. माझं फक्त वैतागणं झटपट.

ऑक्टेव्हमध्ये ओळीच्या शेवटी सेमीकोलन (;) नसेल तर सगळं उत्तर स्क्रीनवर छापलं जातं. माझा पहिल्याच ओळीत राहिला. आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे दहा सेकंदांचे 4,41,000 आकडे स्क्रीनवरून धो धो वाहायला लागले. "बाबा, सेमीकोलन टाक ना!" लेक आतून ओरडली. तिला न बघता कसं कळलं, देव जाणे.

कुठल्या हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती कंपनांचा, आवाज किती आहे याचा आलेख काढला. वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 50, 100, 150 वर पंपाचे खांब उभे. सोप्पं! 50 ची लाट बनवून वजा केली. पण आईचा आवाज उभ्या स्तंभात, माझी लाट आडव्या ओळीत. ऑक्टेव्हने प्रत्येकातून प्रत्येक वजा करायला घेतला, म्हणजे 19,448 कोटी आकड्यांचा चौक मांडायला घेतला, आणि मुंबईत कुठेही मिळतं तेच उत्तर दिलं: जागा नाही.

मग लेकीने नको ते स्वर गाळणारा फिल्टर सुचवला. 1930 साली बटरवर्थ साहेबांनी मांडलेला. फंक्शनचं नाव नुसतं 'बटर'. मला चहात बुडवायचा बटर आठवला, तिथेच लक्ष उडालं. 200 हर्ट्झखालचं सगळं कापायचं म्हणून 200 लिहिलं तर एरर. त्याला 44,100 च्या निम्म्याने, म्हणजे 22,050 ने भागून 0 ते 1 मधला आकडा हवा म्हणे. भागला. एरर नाही! संध्याकाळी दिमाखात लॅपटॉप मोठ्या स्पीकरला जोडला आणि आईला हाक मारली.

फंक्शनमध्ये 'हाय', म्हणजे 'वरचे स्वर ठेव', असं लिहायला विसरलो होतो. ते न सांगितल्यास बटर खालचे स्वर ठेवतो आणि वरचे कापतो. स्पीकरमधून आई साफ गायब, पंप मात्र खणखणीत.

आई धावतच स्वयंपाकघरात गेली. "अरे, आज संध्याकाळीच पाणी सोडलं वाटतं! बसलायस काय, पिंप लाव नळाखाली!"