'तेव्हा मानासाठी खेळायचे' म्हणे!

फॉरवर्ड असा आहे: 'व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात फुटबॉल फक्त मानासाठी खेळत. एकही खेळाडू पैसे घेत नसे. कोणी फाउल करत नसे म्हणून पेनल्टीच नव्हती. प्रेक्षक दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवत. टीव्ही आला आणि पैशाने खेळ नासवला.' खाली जोडलेले हात. एरवी दुर्लक्ष केलं असतं, पण माझ्या भाच्याला फुटबॉल क्लबकडून मानधन सुरू झालं म्हणून ताईने घरच्या ग्रुपवर आनंदाने टाकलं, आणि एका काकांनी अभिनंदन राहिलं बाजूला, त्याखाली हे चिकटवलं. आता लिहिणं भाग आहे.

फाउल नव्हते? अहो, 1863 मध्ये लंडनला एफए, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलची संघटना, स्थापन झाली तेव्हा मुख्य भांडणच समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची परवानगी असावी की नाही यावरून होतं! ती बंद होतेय म्हटल्यावर ब्लॅकहीथ क्लब रागावून बाहेर पडला. आणि पेनल्टी आली 1891 मध्ये, म्हणजे राणी जिवंत असतानाच. आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम नावाच्या गोलकीपरने ती सुचवली, कारण गोल जातोय दिसलं की बचावपटू सरळ हाताने बॉल अडवायचे.

टाळ्यांचं काय सांगू. 1885 मध्ये प्रेस्टन क्लबने ॲस्टन व्हिला क्लबला 5-0 हरवलं तर लोकांनी खेळाडूंना दगड-काठ्यांनी झोडपलं. पुढे.

आता पैसा, कारण खरा डंख तिथे आहे. 1883 च्या एफए कप फायनलला एका बाजूला ओल्ड इटोनियन्स, म्हणजे इटनच्या बड्या शाळेत शिकलेले साहेब लोक, आणि दुसऱ्या बाजूला लँकशायरच्या गिरणगावातला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक, त्यात विणकर, सूतगिरणीवाले, एक प्लंबर असे लोक. एका फाउंड्रीमालकाने पैसे दिले म्हणून ते मॅचआधी ब्लॅकपूलला जाऊन सराव करून आले, आणि जादा वेळेत 2-1 ने जिंकले. त्यानंतर आजतागायत एकाही हौशी संघाला तो कप जिंकता आलेला नाही.

पुढच्याच वर्षी प्रेस्टनविरुद्ध तक्रार झाली की हे खेळाडूंना पैसे देतात. त्यांचा कर्ताधर्ता विल्यम सडेल, गिरणीचा मॅनेजर, त्याने नाकारलंच नाही, खेळाडूंना गावात नोकऱ्या लावून देतो म्हणाला, सगळेच तसं करतात. प्रेस्टनला कपमधून काढलं. मग उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढायची धमकी दिली आणि शेवटी 20 जुलै 1885 ला एफएने स्वतःच पैसे घेऊन खेळणं कायदेशीर केलं. बाकी काही वाचू नका, एफएचा हा एक ठराव वाचा, फॉरवर्ड तिथेच संपतो. (हाच सडेल 1895 मध्ये गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीत तुरुंगात गेला, बराचसा पैसा क्लबवर उडवला होता. घ्या मान.)

आणि मुळात मान कोणाला परवडायचा? गिरणीला शनिवारी दुपारी सुट्टी, म्हणून मॅच शनिवारी, पण लांबच्या गावी जायचं तर सकाळपासून खाडा, म्हणजे पगार कापला जाणार, आणि पाय मोडला तर घरी चूल कशावर पेटणार? ज्याच्या बापाची इस्टेट आहे तो 'मी पैशाला शिवत नाही' म्हणू शकतो. फुकट खेळणं हा त्या काळी गरिबाला मैदानाबाहेर ठेवायचा सभ्य मार्ग होता, आणि काका, तुम्ही आज तोच मार्ग एका पोराला दाखवताय ज्याचे बूट ताईने हप्त्यावर घेतलेत.

बरं, एक कबूल करावं लागेल. कोरिंथियन नावाचा क्लब खरंच पैसे घेत नव्हता, पेनल्टी हा नियम त्यांना अपमान वाटायचा, आणि 1884 मध्ये कपविजेत्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला त्यांनी 8-1 धुतलं. ग्लासगोचा क्वीन्स पार्क तर 2019 पर्यंत हौशी राहिला. पण हे अपवाद, आणि त्यातले कोरिंथियन बहुतेक पुन्हा बड्या शाळांचेच.

राहिला टीव्ही. 1893 मध्ये विली ग्रोव्हज या एका खेळाडूसाठी व्हिलाने वेस्ट ब्रॉम क्लबला 100 पौंड मोजले. पगार इतके चढले की 1901 पासून, राणी गेली त्याच वर्षी, आठवड्याला 4 पौंडांच्या वर द्यायचं नाही असा नियम करावा लागला, आणि क्लब तोही टेबलाखालून मोडतच राहिले. टीव्हीचा तेव्हा पत्ताच नव्हता.