तास मोजून व्यसन कळत नाही
'दिवसाला दोन तासांच्या आत वापर असेल तर काळजी नको' हे मोबाइलच्या व्यसनावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझा आकडा दीड तासाचाच होता, पण फोन दिवसातून ९४ वेळा उघडला जायचा. लेक काही सांगत असायची आणि माझा अंगठा आपसूक स्क्रीनवर. एकदा ती मध्येच थांबली, "आई, तू बघून घे, मग सांगते" म्हणाली. ते अजून टोचतं.

आणि सगळा दोष मनाच्या दुबळेपणावर ढकलू नका. २००६ साली अमेरिकी डिझायनर आझा रॅस्किन यांनी न संपणारं स्क्रोल तयार केलं; पान संपतच नाही, तर थांबायचं कुठे? मला उपयोग झाला तो माणसांचे फोन-मेसेज सोडून बाकीची नोटिफिकेशन्स बंद करण्याचा आणि रात्री चार्जर स्वयंपाकघरात ठेवण्याचा. पहिले चार-पाच दिवस हात झोपेतही उशाशी चाचपडायचा.