डेन्व्हरच्या दीड तासावर ओबामाची चार वर्षं तोलू नका

आज, 5 ऑक्टोबर 2012 ला सकाळी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे सप्टेंबरचे आकडे आले. बेकारी 8.1 वरून 7.8 टक्क्यांवर. जानेवारी 2009 नंतर पहिल्यांदाच आठच्या खाली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनच रेडिओवर ऐकलं आणि मला भरून आलं. वर जाऊन कॉम्प्युटर सुरू करते तोवर आपल्याच मिशिगनच्या मराठी ग्रुपमधल्या एका दादाची सगळ्यांना ईमेल: "शिकागोवाल्यांनी आकडे शिजवले." म्हणजे ओबामाच्या माणसांनी. जीई कंपनीचा माजी प्रमुख जॅक वेल्चनं ट्विटरवर जे टाकलं, तेच. त्याखाली बाकीच्यांचं "हो ना", "निवडणूक महिन्यावर आली आणि नेमका आताच बरा आकडा येतो!"

दिवसभर गप्प बसले. आता मुलं झोपलीत, आता लिहिते.

हे आकडे दर महिन्याला सरकारी खात्यातले तेच कर्मचारी काढतात, 60 हजार घरांची पाहणी करून. बुश असताना काढत होते तसेच. गेल्या महिन्यात 8.1 आला होता तेव्हा हाच दादा तो आकडा भेटेल त्याला ऐकवत होता. तेव्हा त्याला तो शिजवलेला वाटला नाही. ऑफिस तेच, पद्धत तीच, मग एका महिन्यात सगळे चोर कसे झाले?

पण खरं सांगायचं तर माझा राग आजच्या ईमेलचा नाहीच. तो बुधवार रात्रीचा आहे. ओबामा आणि रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांची डेन्व्हरमधली पहिली डिबेट बघायला आपण सगळे जमलो होतो. अर्धा तासही झाला नसेल, आणि सोफ्यावरून आवाज आला, "गेला तुमचा ओबामा. एका टर्मचाच होता." आणि खोली हसली. मला ते हसणं लागलं. कारण त्या खोलीत एखाददुसरं घर सोडलं तर प्रत्येकाचा पगार गाड्यांमधून येतो. कुणी जीएममध्ये (जनरल मोटर्स), कुणी क्रायस्लरमध्ये, बाकीचे माझ्यासारखे सप्लायरकडे. 2009 साली याच लोकांनी घरं विकायला काढली होती. एच-1 व्हिसावाले रात्र-रात्र जागत होते, की नोकरी गेली तर सामान कुठे टाकायचं आणि मुलांना कुठल्या शाळेत घालायचं. याच खोल्यांमध्ये बसून आपण पुण्याला परत जायचे हिशोब केले होते. एवढं विसरता येतं?

ओबामा बुधवारी वाईट बोलला. मान्य. खाली बघत होता, टिपणं काढत होता, रॉम्नी 47 टक्के लोकांना सरकारवर विसंबणारे म्हणाला होता, ते त्याने एकदाही काढलं नाही. मलाही टीव्हीसमोर बसून चीड आली. पुढे?

मला त्या रात्री झोप लागली नाही आणि सारखा आमच्या टूलरूममधला म्हातारा आठवत राहिला. ज्यांना मी त्याच्याबद्दल कधी सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी लिहिते.

मी वालचंदमधून इंजिनिअर होऊन, पुण्यात थोडं काम करून इथे आले तेव्हा मला ड्रॉइंग येत होतं, लोखंड येत नव्हतं. स्टँपिंग डायवरून, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यावरून, हात फिरवून बर (पत्र्याच्या कडेला उरणारी धार) कुठे येणार हे ओळखायला मला त्याने शिकवलं. तीस वर्षं त्याच प्लांटमध्ये. गोरा, उत्तर मिशिगनचा, दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जाणारा. आयुष्यात डेमोक्रॅटला मत दिलेलं नाही, हे तो स्वतः अभिमानाने सांगायचा. डिसेंबर 2008 मध्ये क्रायस्लरने आपले सगळे प्लांट महिनाभर बंद ठेवले, जीएमनेही लाइनी थांबवल्या, आणि आमच्याकडे सीटच्या पार्ट्सच्या ऑर्डरी आटल्या. फेब्रुवारीच्या शेवटी त्याला घरी पाठवलं. बायकोला ब्रेस्ट कॅन्सर, केमो निम्मी झालेली. इन्शुरन्स नोकरीबरोबर बांधलेला. कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच इन्शुरन्स चालू ठेवायचा तर पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, महिन्याला हजार डॉलरच्या वर, आणि पगार शून्य. तो सामानाची पेटी घेऊन पार्किंगमध्ये उभा होता आणि मला म्हणाला, घर विकेन पण केमो थांबवणार नाही.

घर विकावं लागलं नाही. कारण 17 फेब्रुवारीला सही झालेल्या स्टिम्युलसमध्ये, म्हणजे मंदी हटवायच्या खर्चाच्या कायद्यात, एक कलम होतं. ज्यांची नोकरी या मंदीत गेली त्यांच्या कोब्राच्या हप्त्यातला 65 टक्के भाग सरकार उचलेल. 787 अब्ज डॉलरची उधळपट्टी म्हणून जे तुम्ही नाक मुरडून सांगता ना, त्यातलं हे. ओबामाने त्यावर सही कुठे केली माहीत आहे? डेन्व्हरमध्येच. तुम्हाला बुधवारचं डेन्व्हर तेवढं दिसतं, मला हेही दिसतं.

आता रॉम्नी. हा माणूस डेट्रॉइटमध्ये जन्मला, इथल्याच क्रॅनब्रुक शाळेत शिकला, वडील अमेरिकन मोटर्सचे प्रमुख आणि पुढे मिशिगनचे गव्हर्नर. नोव्हेंबर 2008 मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला की सरकारने पैसे ओतू नयेत, कंपन्यांनी दिवाळखोरीतून जावं. "डेट्रॉइटला दिवाळखोर होऊ द्या" हा मथळा त्याचा नव्हता, पेपरने दिला, हे मला ठाऊक आहे, कुणी कमेंटमध्ये लिहायची गरज नाही. आणि "अहो, शेवटी ओबामाने तेच केलं की" हेही दरवेळी ऐकते. हो, क्रायस्लर 30 एप्रिल 2009 ला आणि जीएम 1 जूनला कोर्टात गेली. पण कोर्टात असताना कंपनी चालवायला रोजचा पैसा लागतो. पगार, वीज, पोलाद, आमच्यासारख्यांची बिलं. लेहमन बँक बुडून सहा-आठ महिने झालेले, बँका एकमेकींना उसने देत नव्हत्या, जीएमला अब्जावधी कोण देणार होतं? खाजगी सावकार एकही नव्हता. सरकारने दिले म्हणून ती दिवाळखोरी आटोपली आणि कंपनी जगली. सरकार नसतं तर टाळं लागून भंगारात लिलाव झाला असता. हा फरक गाड्यांच्या धंद्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला मी समजावून सांगावा?

आणि जीएम एकटी मेली नसती. आपल्यातल्या सप्लायरवाल्यांना हे माहीत आहे. माल आज जातो, पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. जीएमकडे अडकलेलं बिल बुडालं की आमची कंपनी त्याच आठवड्यात बंद, आणि आमचे पार्ट फोर्डलाही जातात, होंडालाही जातात, म्हणजे त्यांच्याही लाइनी थांबल्या. म्हणून तर फोर्डचा प्रमुख मुलाली, ज्याला स्वतःला तो पैसा नको होता, काँग्रेससमोर जाऊन म्हणाला की माझ्या स्पर्धकांना मदत करा. मार्च 2009 मध्ये सप्लायरसाठी वेगळे 5 अब्ज डॉलर ठेवले गेले ते याचसाठी. मिशिगनची बेकारी त्या वर्षी 14 टक्क्यांच्या वर होती, मदत मिळूनसुद्धा. न मिळता किती झाली असती, याचा विचार करा आणि मग हसा.

पहिले पैसे बुशने दिले, डिसेंबरमध्ये, 17.4 अब्ज. ते श्रेय त्याचं. जीएमचे शेअर अजून सरकारकडे पडून आहेत आणि त्यात करदात्याचा तोटा होणार असं दिसतंय, तेही खरं. जीएमची जुनी पार्ट्स कंपनी डेल्फी, तिच्यातून रिटायर झालेल्या पगारी इंजिनिअरांची पेन्शन कापली गेली आणि युनियनवाल्यांची जीएमने भरून दिली, ही गोष्ट मला आजही अन्यायाचीच वाटते. हे सगळं लिहून टाकलं. पण म्हातारा काही महिन्यांनी परत कामावर आला. जुन्या गाड्या मोडीत काढायच्या योजनेने शोरूम रिकामे झाले, लाइनी सुरू झाल्या, आमच्या ऑर्डरी आल्या, आणि एका सकाळी टूलरूममध्ये त्याचा रेडिओ परत वाजायला लागला. त्याची बायको आज जिवंत आहे. या उन्हाळ्यात कंपनीच्या पिकनिकला आली होती, केस परत आलेले, मला तिने घरचे टोमॅटो दिले.

ओबामाकेअरवर, त्याच्या इन्शुरन्सच्या कायद्यावर, बोलताना तुम्ही जो आवाज काढता तो मला म्हणूनच सहन होत नाही. आपल्यातल्या प्रत्येक घरात कुणाला तरी शुगर आहे, कुणाला बीपी. नोकरी सोडून स्वतः इन्शुरन्स घ्यायला गेलं की आधीचा आजार म्हणून तोंडावर दार लावतात. 2014 पासून ते बंद होणार आहे. कॉलेज संपलेली आपली मुलं 26 वर्षांची होईपर्यंत आपल्या इन्शुरन्सवर राहतात ते आत्ताच राहतात, आणि बुधवारी हसणाऱ्यांपैकी दोघांची मुलं तशीच आहेत. सुप्रीम कोर्टाने जूनमध्ये कायदा टिकवला त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला.

"पण त्याने केलं काय चार वर्षांत?" हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दुसरं विचारते: करू दिलं कुणी? सेनेटमधला रिपब्लिकन नेता मिच मकॉनेल ऑक्टोबर 2010 मध्ये उघड बोलला की ओबामा एकाच टर्मचा राष्ट्राध्यक्ष व्हावा हेच आमचं सगळ्यात मोठं उद्दिष्ट आहे. देशात घरं जप्त होत होती आणि यांचं उद्दिष्ट हे. सेनेटमध्ये प्रत्येक गोष्टीला शंभरातली 60 मतं लागायला लागली. आपल्या ग्रीन कार्डच्या रांगा तशाच राहिल्या याबद्दल मीही त्याच्यावर नाराज आहे, आणि नोकऱ्या बाहेर जातात म्हणत बंगलोरचं नाव घेऊन टाळ्या मिळवायला तो जायला नको होता. पण रॉम्नी येऊन तुमची रांग हलवेल असं कुणाला खरंच वाटतं?

आता जे लिहिणार आहे त्याने काही जण दुखावतील. दुखावू देत.

आपल्या लोकांच्या बोलण्यात ओबामाचा उल्लेख आला की कधीकधी जो शब्द येतो, जी मान हलते, तिचा टॅक्सशी संबंध नसतो, कर्जाशी नसतो. त्याच्या रंगाशी असतो. मराठीत बोललं की इथल्या कुणाला कळत नाही म्हणून बोलायचं. आपल्याच पोरांना कळतं. "हा इथे जन्मलाच नाही" म्हणणाऱ्यांमुळे या देशात राष्ट्राध्यक्षाला एप्रिल 2011 मध्ये आपला जन्मदाखला जगापुढे ठेवावा लागला, आणि तरीही आपल्यातले लोक "काय की बुवा" म्हणतात. ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमध्ये गुरुद्वारात शिरून सहा जणांना मारलं, ते मारणाऱ्याने कुणाचं ग्रीन कार्ड बघितलं होतं का? ज्यांना नाव उच्चारता येत नाही, ज्यांचा रंग वेगळा, त्यांना परकं ठरवणाऱ्यांच्या बाजूने आपण बसायचं? फुले-आंबेडकरांची नावं मंडळाच्या कार्यक्रमात भाषणात घेता आणि घरी येऊन हे?

श्वास घेतला. चहा करून आले.

तो निवडून येईल का, हे मला सारखं विचारतात, कारण मी दर शनिवारी त्याच्या प्रचाराला दारोदार जाते. रुझवेल्टनंतर 7.2 टक्क्यांपेक्षा जास्त बेकारी असताना कुणी राष्ट्राध्यक्ष परत निवडून आलेला नाही, हे दादाचं आवडतं वाक्य. खरं आहे. पण तो 7.2 वाला रेगनच होता, आणि 1984 साली पहिल्या डिबेटमध्ये त्याने इतका गोंधळ घातला होता की लोक त्याच्या वयावर बोलायला लागले. पुढच्या डिबेटमध्ये सावरला आणि 49 राज्यं जिंकला. ओबामाला 49 नकोत, त्याला ओहायो पुरे. ओहायो जिंकल्याशिवाय आजवर एकही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष झालेला नाही, आणि ओहायोत टोलीडोचा जीपचा प्लांट आहे, लॉर्ड्सटाउनचा जीएमचा प्लांट आहे, आमच्यासारखे शेकडो छोटे सप्लायर आहेत. तिथल्या लोकांनी 2009 आपल्याइतकं लवकर विसरलेलं नाही असं मला त्यांच्याशी फोनवर बोलताना जाणवतं. मला वाटतं तो येईल. डेन्व्हरनंतरही वाटतं.

म्हाताऱ्याला मी काल जेवणाच्या सुट्टीत सरळ विचारलं, या वेळी कुणाला? तो बराच वेळ सँडविच खात राहिला. मग म्हणाला, बायकोने मला सांगून ठेवलंय, पण मी अजून हो म्हटलेलं नाही. मी पुढे काही बोलले नाही. तीस वर्षांची सवय मोडायला त्याला जड जातंय आणि तो निदान विचार तरी करतोय. त्या खोलीतल्या माझ्या इंजिनिअर भावंडांनी तेवढा केला असता तर मी ही पोस्ट लिहिली नसती.

एक कामाची गोष्ट. ज्यांनी या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली त्यांनी मतदार नोंदणी केली आहे का ते आजच बघा. मिशिगनची मुदत मंगळवारी, 9 ऑक्टोबरला संपते. सिटी क्लार्ककडे किंवा सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात फॉर्म मिळतो, माझ्याकडेही आहेत, गाडी नसेल तर मी न्यायला येते. रॉम्नीला देणार असाल तरी येते. आणि दादा, तू हे वाचतोयस मला माहीत आहे. 16 तारखेची डिबेट आमच्याकडे. वहिनींना घेऊन ये, आणि या वेळी मी गप्प बसणार नाही.