ताट काढून घेतल्याने माणूस उठत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: ‘अबुलिया म्हणजे आळसाला डॉक्टरांनी ठेवलेले भारी नाव. मेंदूला काही झालेले नसते. ताट हातात देऊ नका, भूक लागली की आपोआप उठेल. गोळ्या बंद करा. पहाटे गार पाण्याने अंघोळ घाला. २१ दिवसांत इच्छाशक्ती परत.’

खानापूरच्या माझ्या मावशीने तो वाचला आणि दुपारी काकांना वाढलेच नाही. काकांना लकवा होऊन गेलेला आहे. हातपाय बऱ्यापैकी चालतात, विचारले तर एक-दोन शब्दांत उत्तरही देतात, पण आपणहून काहीच करत नाहीत. यालाच अबुलिया म्हणतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते तसेच बसून होते. जेवण मागितले नाही.

ताटाचा सल्ला जीवघेणा आहे, म्हणून आधी तोच. भूक लागल्यावर उठायचे, हात पुढे करायचा, ही सुरुवात मेंदूच करून देतो. या आजारात नेमकी तीच होत नाही. भरलेला तांब्या शेजारी असताना माणूस तहानलेला बसून राहतो. काही रुग्ण तर घास तोंडात धरून ठेवतात, गिळायचे राहून जाते. अशा माणसाला उपाशी ठेवले तर अंगातले पाणी कमी होईल, मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर उतरून तो बेशुद्ध पडेल, आणि तरी तक्रार करणार नाही. मावशी म्हणाली, “मागत नाहीत म्हणजे भूक नसेल ना रे?” मागणेच थांबले आहे गं, आजार तोच आहे.

मेंदूला काही झालेले नसते? भाटिया आणि मार्सडेन या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९९४ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात मेंदूच्या खोल भागाला, म्हणजे बेसल गँग्लियाला, इजा झालेल्या २४० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. वागण्यातल्या बदलांत सर्वांत जास्त आढळला तो अबुलियाच. कपाळामागच्या भागाला इजा झाली तरी तो होतो. ज्याची इजा स्कॅनवर दिसू शकते, त्याला आळशी कसे म्हणता?

गोळ्या बंद करा, हे लिहिणाऱ्याचा मला संताप येतो. लकव्यानंतरच्या गोळ्या रक्तदाबाच्या असतात, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतात. त्या सोडल्या तर दुसरा झटका येऊ शकतो.

गार पाणी आणि २१ दिवस, दोन्हींना काही आधार नाही. ठरलेल्या वेळी उठवणे, अंघोळ, थोडे चालणे याचा उपयोग होतो, एवढे मात्र मान्य करावे लागेल. पण “चला, उठा, चप्पल घाला” असे एकेक पाऊल घरच्यांनीच सुरू करून द्यावे लागते. काही रुग्णांना मेंदूतल्या डोपामाइन या रसायनावर काम करणाऱ्या औषधांनीही फरक पडतो. ते ठरवायचे डॉक्टरांनी, कारण नैराश्यात किंवा थायरॉइड कमी पडल्यावरही माणूस असाच बसून राहतो.

आपल्याकडे डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, डॉक्टर बोलतात कन्नडमध्ये, आणि घरी समजणारी भाषा मराठी. मग मराठीत आलेला फॉरवर्ड खरा वाटतो, यात मावशीचा दोष नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तपासणीसाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांची संस्था आहे. हा मजकूर ज्या ग्रुपवर दिसेल, तिथे हे उत्तर टाका, आणि ज्यांच्या घरी लकव्याचा रुग्ण आहे त्यांना फोन करून आज जेवण आणि गोळ्या दिल्या का, ते विचारा.